सुट्या मात्रांचा अक्षरखोका : नातीबरोबर पाच महिने खेळल्यानंतर

‘काका आला, मामा आला’ एवढं जुळवायला किती काने लागतात? आ हे अक्षर आयतं मिळालं तरी सहा. माझ्या नातीच्या अक्षरखोक्यात काने होते चार. ‘काका आला’ झालं, पुढचा ‘मा’ झाला, आणि त्यानंतरच्या म पाशी ती अडली. कप्प्यात बोट फिरवून पाहिलं, खोका उपडा करून पाहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आजी, मामा अर्धाच आलाय.’’

मी 31 वर्षं मुद्रितशोधन केलं, म्हणजे छपाईआधीचा मजकूर वाचून चुका काढल्या. सुरुवातीची काही वर्षं खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापणाऱ्या छापखान्यात गेली. तिथे जुळाऱ्यासमोरच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत, जो खिळा जास्त लागतो त्याचे खिळे जास्त ठेवायचे, असा साधा हिशेब असे. मराठीत काना किती लागतो हे नव्या शिकाऊ पोरालाही पहिल्याच आठवड्यात कळायचं. हा खोका ज्यांनी बनवला त्यांनी अक्षरांवर जीव लावून काम केलंय, हे मी पुढे सांगणारच आहे. पण काने चारच का, हे कोडं मला पाच महिन्यांत सुटलेलं नाही.

बनवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धर्तीचे संच बरेच जण बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठलाही संच हातात घेऊन पारखताना उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे. खोका आला तेव्हा नात चार वर्षं सात महिन्यांची होती. आता पाच पूर्ण झाली. या काळात आम्ही जवळजवळ रोज खेळलो, कधी दहा मिनिटं, कधी तासभर, आणि तिला नको असेल त्या दिवशी अजिबात नाही.

खोका लाकडी, आत कप्पे, वर सरकणारं झाकण. प्रत्येक व्यंजनाच्या दोन-दोन पट्ट्या, स्वरांच्याही दोन-दोन, क्ष आणि ज्ञ एकेक. व्यंजनं लाल, स्वर आणि मात्रा निळ्या. ॲ आणि ऑ आहेत, ळ आहे, आणि (हे मी सगळ्यात आधी पाहिलं) ल पाकळीचा आहे, श देठाचा आहे, म्हणजे दोन्ही मराठी वळणाचे. ख तळाशी जोडलेला, म्हणजे कुणी तो ‘रव’ वाचायची भीती नाही. शिवाय बारा खरखरीत पाट्या, काही चित्रं आणि एक पुस्तिका.

मी भाळले ती शिरोरेघेवर. सुट्या अक्षरांच्या बऱ्याच खेळण्यांत अक्षर चौकोनाच्या मधोमध छापलेलं असतं. असे दोन चौकोन शेजारी ठेवले तरी ते दोन चौकोनच राहतात, त्यांचा शब्द होत नाही. इथे रेघ पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरलेली आहे. न आणि ळ जवळ सरकवले की रेघ सलग होते आणि डोळ्यांसमोर ‘नळ’ उभा राहतो. नात पट्ट्या सरकवताना रेघेवरून बोट फिरवते, आणि सांधा बोटाला लागला नाही की म्हणते, ‘‘जुळलं.’’ बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबत नाही, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे लहान मुलांना कानाने कळणं अवघडच असतं. ‘काका आला’ जुळवताना तिने दोन शब्दांच्या मध्ये स्वतःहून बोटभर जागा सोडली होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. रेघ तुटली की शब्द संपला, हे तिचं तिलाच उमगलं.

आता मात्रांकडे येते, कारण हा संच घ्यावा असं मी म्हणते ते मात्रांमुळेच. बाराखडीचा तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलाय. 34 व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे 408 चौकोन. मोठ्या माणसाला त्यातली रीत दिसते. चार वर्षांच्या मुलाला दिसतात 408 वेगवेगळी चित्रं, आणि ती पाठ करायला लावली की ते सूर लावून पाठ करतंही. ‘क का कि की’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे नुसता ‘की’ ठेवला तर ते पुन्हा क पासून म्हणत म्हणत तिथवर पोचतं. माझ्या नातीचंही तसंच व्हायचं. या खोक्यात काना ही वेगळी अरुंद पट्टी आहे, ती हातात धरता येते. मात्रा वरच्या खाचेत बसते, उकार खालच्या खाचेत.

पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. तिच्यापुढे म ठेवला, शेजारी काना सरकवला. म चा मा झाला. काना काढला, मा चा पुन्हा म. तीनचारदा असं केल्यावर तिने काना माझ्या हातातून घेतला आणि तो घेऊन सगळ्या अक्षरांच्या दारी फिरली. प ला दिला, ‘पा’. त ला दिला, ‘ता’. न ला, ‘ना’. ह ला दिला आणि जोरात ओरडली, ‘‘हा! आजी, हा झालं! हा म्हणजे हा!’’ तिने समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, मग अडखळली, कारण खुर्ची ‘ही’ असते. मग दुसरी वेलांटी शोधायला आम्ही दोघीही खोक्यात डोकं घालून बसलो.

यात नेमकं काय होतं ते मला सावकाश कळलं. आपली लिपी अक्षरांची. ‘किल्ली’ म्हटलं की मुलाला ‘कि’ आणि ‘ल्ली’ असे तुकडे ऐकू येतात, आणि ते ऐकणं त्याला फारसं जड जात नाही. अवघड आहे ते ‘कि’च्या पोटातला क आणि इ वेगळे ऐकणं. कप, किल्ली, कात्री, कुलूप या सगळ्यांच्या तोंडाशी एकच काहीतरी आहे, हे कानाला सहज सापडत नाही. मात्रा सुटी असली की कानाला न सापडणारी ती गोष्ट हाताला सापडते. लाल पट्टी तीच, निळी तेवढी बदलली. रंगांची ही विभागणी कुणी केली असेल त्याला माझा नमस्कार.

पहिल्या वेलांटीची गंमत मात्र वेगळी सांगायला हवी. ‘किती’ जुळवताना नातीने आधी क ठेवला आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे. मी ती डावीकडे नेली. तिने पुन्हा उजवीकडे आणली. ‘‘आधी क म्हणतो ना आपण? मग इ. मग ही आधी का?’’ तिचं ऐकणं बरोबर होतं. उच्चारात जे मागून येतं ते लिहिताना पुढे उभं राहतं, ही आपल्या लिपीची रीत आहे, आणि मुलं इथे चुकतात ती नीट ऐकतात म्हणूनच चुकतात. आईबाबांना माझं सांगणं आहे की या चुकीला ‘चूक’ म्हणू नका. इथे बनवणाऱ्यांची हुशारी दिसते. पहिल्या वेलांटीचा तुकडा कमानीसारखा आहे, काठी डावीकडे आणि टोपी क च्या डोक्यावर. मी नातीला म्हटलं, ‘‘आधी क ठेव, मग त्याला टोपी घाल.’’ ऐकल्याच्या क्रमानेच हात चालला, आणि वेलांटी जिथे पाहिजे तिथे बसली. त्यानंतर हा प्रश्न पुन्हा आला नाही.

दुर्दैवाने तीच कमान सगळ्यात नाजूक आहे. काठी आणि टोपी जिथे मिळतात तिथे लाकूड जेमतेम राहिलंय. तीनपैकी दोन कमानी दुसऱ्या महिन्यातच मोडल्या. आदळआपट झाली नव्हती, खाचेत बसवताना किंचित तिरकं दाबलं एवढंच. मी त्या डिंकाने चिकटवून मागून पुठ्ठ्याची पट्टी लावली आहे. बदली तुकडे मिळतील का म्हणून विचारलं, तर पूर्ण संचच घ्यावा लागेल असं उत्तर आलं. ज्या वस्तूचा एक तुकडा हरवला की अर्धे शब्द अडतात, तिचे तुकडे सुटे मिळायलाच हवेत. हा राग मी इथे नोंदवून ठेवते.

खोक्याबरोबर आलेली पुस्तिका मात्र मी कपाटात ठेवून दिली आहे, आणि तुम्हीही ठेवावी. तिच्यात क पासून ज्ञ पर्यंत रोज एक अक्षर असा कार्यक्रम आहे, आणि शेवटी गुण मांडायचा तक्ता. क ख ग घ हा आपला क्रम फार विचारपूर्वक केलेला आहे. कंठातून निघणारे आवाज एका ओळीत, मग टाळूचे, मग मूर्धेचे, दातांचे, ओठांचे. भाषा जाणणाऱ्यासाठी ती सुंदर मांडणी आहे. पण नव्याने अक्षर ओळखणाऱ्या मुलापुढे क आणि ख, ग आणि घ लागोपाठ ठेवणं म्हणजे सारखे ऐकू येणारे आवाज एकाच वेळी पुढ्यात घालणं. शिवाय पहिल्या पाच अक्षरांतून, क ख ग घ ङ मधून, मुलाला कळेल असा शब्द कुठला करणार? आम्ही सुरुवात केली न, ळ, घ, र, ब, स या सहांनी. आकार वेगळे, आवाज वेगळे, आणि पहिल्याच दिवशी नळ, घर, बस, रस, सर असे शब्द हाती. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या मी जाणूनबुजून एकमेकींपासून लांब ठेवल्या. एक पक्कं बसल्यावरच दुसरं खोक्यातून बाहेर काढलं.

आणि खरं सांगायचं तर पहिले दहा-बारा दिवस आम्ही खोका उघडलाच नाही. कापडी पिशवीत घरातल्या वस्तू घातल्या. बटण, चमचा, मोजा, दोरी, कप, किल्ली. हात घालून एक काढायची आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला काय ऐकू येतं ते सांगायचं. मग दोन वस्तू काढायच्या आणि त्या ‘भाऊ’ आहेत का ते ठरवायचं. बटण आणि बरणी भाऊ, बटण आणि मोजा नाहीत. एकदा तिने चमचा आणि चष्मा एकत्र ठेवून माझा चष्मा पिशवीत कायमचा कैद केला. नंतर शेवटच्या आवाजाचे भाऊ शोधले. नळ, बाळ, खेळ. हा खेळ जिन्यात, आंघोळीच्या वेळी, दिवे मालवल्यावर, कुठेही चालतो, आणि त्याला खोका लागत नाही.

हे मी आजीपणाच्या भरवशावर म्हणत नाही. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आवाज ओळखण्यात मागे असलेली 65 मुलं घेतली. त्यांतल्या एका गटाला दोन वर्षांत 40 वेळा, एकाच आवाजाची चित्रं एकत्र लावण्याचे खेळ दिले. दुसऱ्या गटाला तेच खेळ दिले, पण त्या आवाजांबरोबर प्लॅस्टिकची सुटी अक्षरंही हातात दिली. वाचनात आणि शब्द लिहिण्यात सगळ्यांत पुढे गेला तो हा दुसरा गट. त्या प्रयोगातली मुलं इंग्रजी शिकणारी होती आणि आपली लिपी वेगळी आहे, हे ध्यानात ठेवूनही मला वाटतं की कान आणि हात यांची ती सांगड आपल्यालाही तितकीच लागते. पिशवीतला खेळ आधी खेळला नसता तर खोक्यातल्या पट्ट्या तिच्यासाठी नुसती रंगीत लाकडं राहिली असती.

चित्रांबद्दल थोडक्यात. चित्रं देखणी आहेत, रंग डोळ्यांना सोसवतात. पण ए साठी एडका आणि ऐ साठी ऐरण अजून चालूच आहे. नातीने एडक्याला ‘मेंढी’ म्हटलं आणि मग ए कुठे गेला म्हणून शोधत बसली. ऐरणीला ती ‘हातोडीचं टेबल’ म्हणाली, जे मला शब्द म्हणून आवडलं, पण ऐ शिकवायला त्याचा उपयोग शून्य. चित्र बघून मुलाच्या तोंडी जो शब्द आपोआप येतो त्याच्या सुरुवातीला ते अक्षर नसेल, तर चित्र मदत करत नाही, गोंधळ घालतं. आम्ही ए साठी ‘एक’ म्हणून एकच बटण चिकटवलं. ण आणि ळ साठी बाण आणि बाळ आहेत, ते योग्यच, कारण या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत. फक्त ‘हे शेवटी ऐकायचं’ एवढं मुलाला आधी सांगावं लागतं.

खरखरीत पाट्यांची कल्पना मारिया माँटेसोरींची. पेशाने डॉक्टर असलेल्या या बाईंनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालघर उघडलं, आणि सँडपेपरची अक्षरं, सुटी हलवता येणारी अक्षरं ही साधनं तिथे आकाराला आली. दोन बोटांनी अक्षर गिरवायचं आणि त्याच वेळी त्याचा आवाज काढायचा. अक्षराचं नाव नाही, आवाज. खोक्यातल्या बारा पाट्यांपैकी तीनचा कागद कोपऱ्यांतून सुटलाय. गिरवण्याची दिशा दाखवणारा बाणही पाटीवर नाही, तो हवा होता. मी पेन्सिलीने एक ठिपका काढून ‘इथून निघायचं’ अशी खूण केली आहे.

या ओघात उलट्या अक्षरांचं सांगून टाकते, कारण माझी सून त्याने फार घाबरली होती. नात फरशीवर खडूने लिहिते तेव्हा र आणि स कधीकधी आरशात दिसावेत तसे उमटतात. या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. कप उजवीकडे कान करून ठेवला काय आणि डावीकडे करून ठेवला काय, तो कपच असतो. मेंदूला जन्मापासून तसंच पाहायची सवय असते. फक्त अक्षरांच्या बाबतीत दिशा बदलली की गोष्ट बदलते, आणि हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं. स्तानिस्लास दहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञांनी यावर विस्ताराने लिहिलंय. या संचातल्या पट्ट्यांची पाठ कोरी आहे, त्यामुळे पट्टी पालथी घालून अक्षर उलटं वाचलं जात नाही. नुसत्या आकारात कापलेली अक्षरं असतात त्या संचांत ही सोय नसते.

याआधी आमच्याकडे भेट आलेला एक बोलका फलक होता. बटण दाबलं की अक्षर बोलतं आणि मागून सूर वाजतो. नात त्यावर खूश होती आणि घरातले सगळे गप्प होते, कारण बोलायचं काम फलक करत होता. दोन महिन्यांनी तिला फलकावरचा ग कुठे आहे ते माहीत होतं, पण वर्तमानपत्रातला ग ओळखता येत नव्हता. जागा पाठ झाली होती, अक्षर नव्हे. अ‍ॅना सोसा या संशोधिकेचा 2016 सालचा एक अभ्यास आहे, 10 ते 16 महिन्यांच्या बाळांच्या 26 जोड्यांचा, म्हणजे बाळ आणि त्याचे आई किंवा बाबा. वाजणाऱ्या-बोलणाऱ्या खेळण्यांशी खेळताना मोठी माणसं कमी बोलली, पुस्तकं आणि साध्या खेळण्यांशी खेळताना जास्त. बाळं माझ्या नातीपेक्षा बरीच लहान होती, पण घरात मी जे पाहत होते ते हेच. लाकडी ग बोलत नाही. म्हणून मला बोलावं लागतं, आणि तिला विचारावं लागतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. संचातला अनुस्वार म्हणजे नखाएवढी निळी गुंडी आहे. नातीचा धाकटा भाऊ तेव्हा चौदा महिन्यांचा होता. एका दुपारी त्याच्या गालात काहीतरी दिसलं म्हणून मी बोट घातलं आणि गुंडी बाहेर काढली. माझे हात त्यानंतर बराच वेळ थरथरत होते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं वापरून चाचणी करतात, त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो त्या वयाच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही. यातले अनुस्वार, उकार, मात्रा, सगळे त्यात आरामात मावतात. खोक्यावर ‘तीन वर्षांवरील’ असं छापलंय, पण तळाला आणि बारीक अक्षरांत. घरात रांगतं मूल असेल तर खोका उंचावर ठेवा आणि खेळून झालं की गुंड्या मोजा. आम्ही मोजतो, आता नातच मोजते, चार म्हणजे चार. याच धर्तीचे चुंबक लावलेले संचही असतात. त्यांतलं चुंबक निघून येतंय का ते आधी नीट ओढून पाहा, कारण दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि त्यातून जिवावर बेतू शकतं.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली, जिच्यामुळे मी आधी कोड्यात पडले. नात शब्द जुळवू लागली होती. नळ, बदक, मगर, काका, बाबा. पण तिनेच सकाळी जुळवलेला ‘मगर’ संध्याकाळी ‘वाच बरं’ म्हणून पुढे केला, तर तिला वाचता येईना. माँटेसोरींच्या मुलांचंही असंच झालं होतं. ती आधी लिहू लागली, वाचू लागली त्यानंतर. विचार केला की ते उमगतं. जुळवताना शब्द मनात असतो, त्याचे तुकडे करून पट्ट्या शोधायच्या. वाचताना पुढे नुसत्या खुणा असतात, त्यांतून न सांगितलेला शब्द काढायचा. दुसरं काम कितीतरी जड आहे. त्यामुळे ‘जुळवता येतं मग वाचता का येत नाही’ असं मुलाला कधीच म्हणू नये. मी तेव्हा ‘वाच बरं’ म्हणणं बंद केलं.

त्याऐवजी चिठ्ठ्या केल्या. माँटेसोरींकडूनच घेतलेला खेळ आहे. चिठ्ठीवर करायची एक कृती लिहायची, चिठ्ठी कुठेतरी लपवायची, सापडली की मोठ्याने न वाचता ती कृती करून दाखवायची. पहिल्या दिवशी पाच चिठ्ठ्या, सगळ्या बिनमात्रांच्या. हस, पळ, रड, वळ, बस. पहिली उशीखाली सापडली. तिने ओठ हलवले, ‘‘ह… स…’’, दोनदा, तीनदा, आणि मग चेहराभर हसली. मी हसवलं नव्हतं, कागदाने हसवलं होतं. ‘पळ’ला पळाली. मग दाराआड ‘बस’ सापडली. ती ओठांत पुटपुटली, थोडी थांबली, आणि दोन्ही हातांनी चाक धरल्यासारखं करून घरभर घुर्रर करत फिरली. मी म्हटलं, ‘‘अगं, बस.’’ ती म्हणाली, ‘‘हो, बसच आहे!’’ आणि आणखी एक फेरी मारली.

तिने अचूक वाचलं होतं. अक्षरं दोनच, पण त्यांतून तिने अर्थ काढला होता, आणि तो माझ्या मनातला नव्हता, तिचा स्वतःचा होता. मी जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं वाचली, पण वाचन सुरू होतं तो क्षण इतक्या जवळून पाहिला नव्हता.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत एवढंच सांभाळा की शब्द मुलाच्या बोलण्यातला असावा. आपण लिहितो ‘बस’, बोलतो ‘बस्’, शेवटच्या अक्षरातला अ गिळतो. तोंडी शब्द ओळखीचा असेल तर मूल ‘बअ सअ’ वरून ‘बस्’वर सहज उडी मारतं. अनोळखी शब्द असेल तर अधांतरी राहतं.

तेव्हा हा संच घ्यावा का? चार वर्षांच्या पुढचं मूल असेल, रोज थोडा वेळ कुणीतरी शेजारी जमिनीवर बसणार असेल, तर नक्की घ्यावा. मूल एकटं बसून शिकेल अशा आशेने घेत असाल तर घेऊ नका, पट्ट्यांची घरं बांधली जातील, आणि तेही वाईट नाही, पण वाचन त्यातून येणार नाही. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर दहादा विचार करा. जोडाक्षरांसाठी यात फक्त दहा अर्धी अक्षरं आहेत आणि रफार नाहीच. सहाव्या-सातव्या वर्षी ही उणीव जाणवेल, आत्ता नाही. आणि संच दुसऱ्या कुणाचा घेत असाल, तर आधी तीन गोष्टी तपासा. मात्रा सुट्या आहेत ना, शिरोरेघ कडेपर्यंत जाते ना, आणि काने किती आहेत.

काने मी शेवटी घरीच केले. जाड पुठ्ठा, त्यावर निळा कागद, खोक्यातल्या कान्याच्याच मापाचे बारा. कापताना जुन्या सवयीने रेघ रेघेला लागते का ते प्रत्येकाचं पाहिलं. वेलांट्यांच्या मोडक्या कमानींशेजारी ते एका वेगळ्या डबीत राहतात, आणि नात त्यांना ‘आजीचे काने’ म्हणते.

गेल्या रविवारी मी दुपारची झोपून उठले तर खोलीच्या दारात, फरशीवर, पट्ट्या मांडलेल्या होत्या. पहिलं अक्षर आ नव्हतं. आ ची आयती पट्टी तिला सापडली नसावी किंवा नको असावी. तिने अ घेतला होता आणि त्याला माझा एक पुठ्ठ्याचा काना लावला होता. अ ला वेलांट्या लावून अि, अी असं लिहावं, अशी सुधारणा मराठीत एकेकाळी मांडली गेली होती, आणि त्यावर छापखान्यात झालेले वाद मला आठवतात. हिला त्यातलं काहीच माहीत नाही. पुढे ज, त्याला दुसरी वेलांटी. मग बोटभर जागा. मग ब आणि स.

शेजारी माझी चादर घडी करून अंथरली होती, आणि ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती, एक शब्द न बोलता. मी बसले.